गाडी सामाईक, विचारही सामाईक

एक रोजचीच गोष्ट घ्या. दर्यापूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातली पोरगी अमरावतीला कॉलेजात शिकते. सकाळी भाकर बांधून निघते. एस.टी. तिला पन्नासेक किलोमीटर आणून सोडते. २०२३ च्या मार्च महिन्यात एस.टी.त बायांना अर्धं तिकीट लागू झालं, त्यामुळं तो खर्च हलका झाला. पण स्थानकावर उतरल्यावर कॉलेज अजून तीन-चार किलोमीटर असतं. तिथं अर्धं तिकीट नाही. ऑटो भरेपर्यंत थांबा, नाही तर पायी जा. महिन्याचा हिशेब केला, तर एस.टी.इतकेच पैसे या शेवटच्या तुकड्यात जातात.

अकोल्यालाही हेच. अकोट-तेल्हाऱ्याकडून सर्वोपचार रुग्णालयात आलेला माणूस स्थानकावर उतरतो. मे महिन्यात तिथं ४५ अंशांचं ऊन असतं. दवाखाना दिसत नाही आणि पाय उचलत नाही. बडनेऱ्याला मोठी रेल्वेगाडी थांबते, पण तिथून अमरावती शहर आठ-दहा किलोमीटर. म्हणजे लांबचा प्रवास सोपा आणि जवळचा अवघड, असं उलटंच झालं आहे.

हा शेवटचा तुकडा जोडायला जगात एक नवी सोय निघाली आहे. ती म्हणजे सामाईक स्कूटर. ती कशी चालते, तिच्यात चांगलं काय, वाईट काय, आणि तिच्याबद्दल गावातल्या तरण्या पोरापोरींनी ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला सल्ला का द्यायचा, ते आपण या पाठात पाहू.

सामाईक स्कूटर म्हणजे काय?

ही स्कूटर कुणा एकाची नसते. एखादी कंपनी शंभर-दोनशे गाड्या शहरात ठिकठिकाणी उभ्या करते. ज्याला लागेल त्यानं घ्यायची, काम झालं की ठरल्या जागी सोडायची. वापरली तेवढ्या मिनिटांचं भाडं द्यायचं. गाडीवर एक चौकटीचं चिन्ह असतं. मोबाइलनं त्याचा फोटो घेतला की कुलूप उघडतं. पैसेही मोबाइलमधूनच जातात. गाडी कुठं आहे, हे कंपनीला दूर बसून कळतं. बहुतेक गाड्या विजेच्या बॅटरीवर चालतात.

तिचे प्रकार आहेत. आपल्याकडं पुणे, नवी मुंबई अशा शहरांत बसून चालवायच्या लहान विजेच्या गाड्या भाड्यानं मिळू लागल्या. युरोपात एक वेगळा प्रकार आहे. पाटीवर उभं राहायचं, हातात दांडा धरायचा आणि निघायचं.

यापेक्षा निराळी आहे ती बाइक टॅक्सी. तिच्यावर चालवणारा असतो, आपण मागं बसतो. २०२५ साली महाराष्ट्र सरकारनं विजेच्या बाइक टॅक्सीला मान्यता दिली. एक लाख किंवा जास्त वस्तीच्या शहरांसाठी हे धोरण आहे. २०११ च्या जनगणनेत अमरावतीची वस्ती सुमारे साडेसहा लाख, अकोल्याची सव्वाचार लाख आणि अचलपूरची एक लाखावर होती. म्हणजे ही गोष्ट फक्त मुंबई-पुण्याची राहिलेली नाही. ती आपल्या वऱ्हाडाच्या वेशीशी आली आहे.

सावड आपल्याला नवी नाही

एक वस्तू अनेकांनी वापरायची, हा विचार आपल्याला नवा नाही. ज्या कास्तकाराकडं एकच बैल असतो, तो डवरणीच्या वेळी काय करतो? दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो. दोघांचे बैल जोडायचे. आज तुझं वावर, उद्या माझं.

पण सावडीआधी दोघं बसून बोलतात. पाळी कुणाची आधी? कुटार कुणी टाकायचं? बैल लंगडला तर काय? हे बोलणं नीट झालं, तर सावड वर्षानुवर्षं टिकते. नाही झालं, तर पहिल्या पावसातच मोडते.

सामाईक स्कूटरचंही असंच आहे. गाडी कंपनीची. पण ती उभी राहते सर्वांच्या रस्त्यावर. धावते सर्वांच्या पोराबाळांमधून. म्हणून आधी बोलणं झालं पाहिजे. ज्यांना गाडी हवी त्यांनी बोललं पाहिजे. ज्यांना तिचा त्रास होईल, त्यांनीही बोललं पाहिजे.

पॅरिस शहरात काय झालं?

फ्रान्स देशाची राजधानी पॅरिस. तिथं २०१८ पासून उभ्यानं चालवायच्या भाड्याच्या स्कूटर आल्या. पुढं तीन कंपन्यांच्या मिळून सुमारे १५ हजार स्कूटर झाल्या. तरुण लोक त्यांवर खूष होते. पण लोक गाडी कुठंही टाकून जात. पायवाटेवर आडवी पडलेली गाडी आंधळ्याला दिसत नाही, म्हाताऱ्याला ओलांडता येत नाही. एका गाडीवर दोघं-दोघं बसत. २०२१ साली तिथल्या नदीकाठी अशाच एका गाडीच्या धडकेनं एक तरुणी मेली. मग नगरपालिकेनं कित्येक भागांत वेग कमी करून ताशी १० किलोमीटर केला. तरी तक्रारी थांबल्या नाहीत.

शेवटी नगरपालिकेनं लोकांनाच विचारलं. २ एप्रिल २०२३ रोजी मतदान ठेवलं. प्रश्न एकच होता. भाड्याच्या स्कूटर ठेवायच्या की नाही? मत घरबसल्या द्यायचं नव्हतं. केंद्रावर जाऊन द्यायचं होतं.

यादीत तेरा लाखांवर मतदार होते. मत दिलं फक्त १ लाख ३ हजारांनी. म्हणजे शंभरातले आठही आले नाहीत. आले त्यांतल्या शंभरात ८९ जणांनी “नको” म्हटलं. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून भाड्याच्या स्कूटर बंद झाल्या.

आता हिशेब करा. शंभर माणसांचं गाव समजा. सात-साडेसात माणसं सभेला आली. त्यांतली सहा-सात “नको” म्हणाली. ठराव झाला आणि तो शंभरांना लागू झाला. स्कूटरवरून रोज फिरणारे बहुतेक जण त्या दिवशी केंद्राकडं फिरकलेच नाहीत.

“नको” म्हणणाऱ्यांचं चुकलं, असं आम्ही म्हणत नाही. त्यांचा त्रास खरा होता आणि ते मत द्यायला आले, हे चांगलंच केलं. चुकलं ते न येणाऱ्यांचं. जो येतो त्याचं ऐकलं जातं. जो येत नाही, त्याचं दुसरं कुणी सांगत नाही.

पुण्यात काय झालं?

पुणे शहरात २०१७ च्या डिसेंबरात सामाईक सायकली सुरू झाल्या. आधी विद्यापीठाच्या आवारात, मग औंधसारख्या भागांत. चार-पाच कंपन्या आल्या. भाडं अगदी थोडं होतं. विद्यार्थ्यांना सायकली आवडल्या.

पण थोड्याच दिवसांत सायकलींची दैना झाली. कुणी कुलूप फोडलं, कुणी सीट काढून नेलं. काही सायकली नाल्यात सापडल्या. सायकलींसाठी जे रस्ते आखले होते, त्यांवर मोटारी उभ्या राहिल्या. एकेक कंपनी निघून गेली. २०२० उजाडेपर्यंत त्या सायकली बहुतेक दिसेनाशा झाल्या.

पॅरिसला लोक बोलायला आले नाहीत. पुण्याला लोकांनी सायकल आपली मानली नाही. जी वस्तू सर्वांची, ती कुणाचीच नाही, असं झालं की तिचे हाल होतात. गावच्या हातपंपाचं आठवा. ज्या आळीनं पंपाची देखरेख वाटून घेतली, तिथला पंप चालतो. जिथं “पाहील कुणी तरी” म्हटलं, तिथं दांडा तुटून पडलेला असतो.

तरण्या पोरांचा सल्ला कशाला?

आता कुणी म्हणेल, हे काम साहेबांचं. पोरांना काय कळतं?

खरं सांगायचं तर या एका बाबतीत पोरांनाच जास्त कळतं. रोज ये-जा करतात ती. मोबाइल हाताळतात ती. कोणत्या चौकात दिवे नाहीत, कोणत्या गल्लीत पोरीला संध्याकाळी भीती वाटते, सकाळची एस.टी. किती वाजता लागते, हे त्यांना ठाऊक असतं. साहेबांच्या कागदावर हे नसतं.

पण पोरांचा सल्ला एकांगी असू नये. एखाद्या ग्रामसभेत काय बोलणं होईल, ते पाहा.

एक आबाजी उठून म्हणतील, “मले सांगा, ते गाडी माह्या दारात उभी केली तं मी गाय कुठून नेऊ?”

पोरगा म्हणेल, “आबाजी, तुमचं खरं हाय. पण मले रोज कालेजात जायाले गाडी लागते.”

एक माय म्हणेल, “माह्या पोरीजवळ मोबाइल नाही. तिनं काय करावं?”

तिघंही बरोबर आहेत. तिघांचं ऐकून पोरांनी सल्ला तयार केला, तर तो असा होईल. गाड्या कुणाच्या दारात नको. एस.टी. स्थानक, दवाखाना आणि कॉलेज इथं आखलेल्या जागीच उभ्या राहाव्यात. त्या जागेवर सावली असावी, कारण आपल्या उन्हात गाडीचं सीट तव्यासारखं तापतं. रात्री तिथं दिवा असावा. मोबाइल नसलेल्याला खिडकीवर पैसे भरून गाडी मिळावी. भाड्याचा फलक मराठीत लावावा. गाडी आडवी टाकणाऱ्याला दंड असावा.

हा सल्ला कुणीही धुडकावून लावणार नाही. कारण त्यात फक्त “आम्हाला पाहिजे” नाही. “सर्वांना कसं जमेल” हे त्यात आहे.

पोरांनी वाहनाचा कायदाही माहीत करून घ्यावा. मोटरसायकल आणि साधी मोठी स्कूटर चालवायला १८ वर्षं पूर्ण लागतात आणि परवाना लागतो. डोक्यावर हेल्मेट लागतं, मागं बसणाऱ्यालासुद्धा. ज्या विजेच्या गाडीचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे आणि जिची मोटर २५० वॅटपेक्षा मोठी नाही, तिला मात्र परवाना लागत नाही. लहान पोराच्या हाती मोटारगाडी दिली आणि गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. २०१९ साली कायद्यात ही सुधारणा झाली. म्हणून “पोरगं हुशार आहे, चालवतं गाडी” असं कौतुक करू नये.

बोलायची जागा कुठं आहे?

जागा आहे. कायद्यानं दिलेली आहे.

खेड्यात ती जागा म्हणजे ग्रामसभा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभा आहे. १९९३ साली राज्यघटनेत सुधारणा झाली आणि ग्रामसभेला घटनेतच जागा मिळाली. गावच्या मतदारयादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सभासद. पूर्वी मताचं वय २१ होतं. १९८९ पासून ते १८ झालं. म्हणजे अठरा वर्षांची पोर आणि सत्तर वर्षांचे आबाजी, दोघांचा हक्क सारखा.

ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या सुमारास भरते. तिच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची असते. ज्या बायांना चारचौघांत बोलायची भीड वाटते, त्यांनी तिथं बोलावं.

सभेला गणपूर्ती लागते. शंभरात १५ मतदार किंवा एकूण १०० मतदार, यांपैकी जो आकडा कमी असेल, तेवढी माणसं हवीत. गावात ४०० मतदार असतील, तर ६० माणसं लागतात. हजार असतील, तर १०० लागतात. तेवढी आली नाहीत, तर सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा गणपूर्ती लागत नाही. म्हणजे दहा-वीस माणसंही ठराव करू शकतात. पॅरिसची गोष्ट इथं पुन्हा आठवा. सभेला आपण गेलो नाही, म्हणून ठराव थांबत नाही. तो आपल्यावाचून होतो.

अठराच्या आतल्या मुलांचं काय? मुलांना त्यांच्याविषयीच्या गोष्टींत मत सांगता यावं, असा करार जगातल्या देशांनी १९८९ साली केला. भारतानं तो १९९२ साली मान्य केला. शेजारच्या कर्नाटकात मुलांच्या वेगळ्या ग्रामसभा घेतल्या जातात. आपल्या गावातही शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना सांगून मुलांची सभा घेता येईल. शाळेच्या रस्त्यावर कुठं खड्डा आहे, कुठं गाड्या भरधाव येतात, हे मुलांइतकं कोण सांगेल?

शहरात दुसरी वाट आहे. अमरावतीची महानगरपालिका १९८३ साली झाली, अकोल्याची २००१ साली. तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात, असं राज्यघटना सांगते. ही दोन्ही शहरं त्यात बसतात. प्रभाग समितीवर समाजसेवा करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत सभासद घेता येतात. एखाद्या युवक मंडळानं नेटानं काम केलं, तर त्याला तिथवर पोचता येतं. शिवाय वाहनांचे नवे नियम करण्याआधी सरकारला मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्या मुदतीत साध्या कागदावर लिहून पाठवलेली सूचनाही चालते.

सल्ला कसा द्यायचा?

नुसतं ओरडून सल्ला होत नाही. आम्ही पाच पायऱ्या सांगतो.

पहिली पायरी, मोजा. दोघं-चौघं मिळून एक दिवस स्थानकावर बसा. सकाळी किती पोरं उतरतात, किती जण पायी जातात, ऑटोला किती वेळ लागतो, ते वहीत लिहा.

दुसरी पायरी, विचारा. दुकानदार, म्हातारी माणसं, बाया आणि अपंग माणसं यांना विचारा. ऑटोवाल्यालाही विचारा. नव्या गाडीनं त्याच्या पोटावर पाय येणार असेल, तर त्याचंही म्हणणं वहीत आलं पाहिजे.

तिसरी पायरी, लिहा. एका पानात बसेल इतकंच लिहा. आपण वाचायला-लिहायला शिकलो, त्याचं चीज अशाच वेळी होतं. नमुना पाहा:

“मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांस,
आम्ही खाली सही करणारे गावचे रहिवासी. गावातून रोज ४० मुलंमुली शहरात शिकायला जातात. गावच्या एस.टी. थांब्यावर सावली व दिवा नाही. मुलं सायकली व गाड्या रस्त्यावरच लावतात, त्यानं बैलगाड्यांना अडचण होते. थांब्यामागच्या मोकळ्या जागेत गाड्या लावायची सोय करावी, ही विनंती. हा विषय येत्या ग्रामसभेत घ्यावा. देखरेखीचं काम आमचं युवक मंडळ पाळीपाळीनं करील.”

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. आपण काय करू, हेही त्यात आहे. अर्जाला वजन येतं ते अशा वाक्यानं.

चौथी पायरी, पोच घ्या. अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या. दुसरीवर सही, शिक्का आणि तारीख घ्या. ग्रामसभेत विषय निघेल, तेव्हा सगळे हजर राहा. ठराव वहीत लिहिला का, ते पाहूनच उठा.

पाचवी पायरी, मागं लागा. महिना-दोन महिन्यांनी विचारा, “ठरावाचं काय झालं?” उत्तर मिळालं नाही, तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. त्याखाली अर्ज केला की साधारणपणे ३० दिवसांत माहिती द्यावी लागते.

थोरांचं काम, पोरांचं काम

यात थोरांनाही एक पथ्य आहे. पोरगं सभेत बोलायला उठलं की “बस खाली, तुले काय समजते” असं म्हणू नका. एकदा खाली बसवलेलं पोर पुन्हा उठत नाही. मग पुढं तेच पोर शहरात जातं, तिथंही सभेला जात नाही, मतालाही जात नाही. आणि आपणच म्हणतो, आजच्या पोरांना गावाचं काही पडलं नाही.

पोरांचंही एक काम आहे. बोललात तर निभवा. गाडी वापराल तर जागेवर लावा. दुसऱ्यानं आडवी टाकलेली दिसली, तर उभी करा. तुमचा सल्ला ऐकावा, असं लोकांना तुमच्या वागण्यातून वाटलं पाहिजे.

उद्या आपल्या भागात सामाईक स्कूटर येईल, बाइक टॅक्सी येईल, आणखी काही येईल. आणायची की नाही, कशी आणायची, कुठं उभी करायची, हे कुणी तरी ठरवणारच आहे. ती दर्यापूरची पोरगी ज्या दिवशी सभेत उठून “आम्हाला काय लागतं” ते सांगेल आणि आबाजी तिचं ऐकून “माह्या दाराचं तेवढं पाहा” म्हणतील, त्या दिवशी ठरवणारे आपण असू.

सावडीचे बैल जोडण्याआधी माणसं जोडावी लागतात. गाडीचंही तसंच आहे.

वाचून झाल्यावर आपसांत बोला

१. आपल्या गावातून रोज किती मुलंमुली बाहेर शिकायला जातात? त्यांचा रोजचा खर्च किती?

२. मागच्या ग्रामसभेला किती माणसं होती? त्यांत तरुण किती, बाया किती?

३. पुढच्या ग्रामसभेत आपण कोणता एक विषय मांडू? त्यात आपण स्वतः कोणतं काम अंगावर घेऊ?